झड लागली की शेडमधली तुसाची गादी आधी बघा

आपल्याकडे चार दिवस झड लागली की कोंबडीची तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा होतात, तुसावर लालसर विष्ठा दिसते. ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. पुष्कळ जण जंताचं औषध पाजून मोकळे होतात. ते इथे चालत नाही, कारण हा जंत नाही, आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी आहे. तो आतड्याचं अस्तर फाडतो. वाचलेली पिल्लंही खाद्य खातात, पण अंगाला लागत नाही. एकाच लॉटमध्ये कबुतराएवढी आणि कोंबडीएवढी पिल्लं शेजारी दिसतात.

विष्ठेतून पडलेली या परजीवीची अंडी ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगी होतात. नेहमीच्या जंतुनाशकाला ती दाद देत नाहीत. म्हणून पाण्याच्या भांड्याखालचं तूस मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर ते काढा, कोरडं टाका. भांडी पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा, सांडणं कमी होतं.

या हगवणीवरचं औषध अँप्रोलियम, ते पशुवैद्यकाच्या मात्रेनेच पाण्यातून द्या. तेवढे दिवस बी-१ जीवनसत्त्व असलेलं टॉनिक बंद. त्याने औषधाचा जोर मोडतो.