भाड्याच्या घरातला फ्रिज नीट गार होत नाही? आधी दाराचं रबर तपासा

कॉम्प्रेसर सारखा चालू राहतो, फ्रीझरमध्ये बर्फाचे थर साचतात आणि दूध नासतं. अशा वेळी गॅस संपला असं ठरवण्याआधी दाराचं रबर बघा.

कागदाची पट्टी दारात अर्धी आत ठेवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली, तर तिथून गार हवा बाहेर जातेय. चारही बाजू अशाच तपासा. बिजागरीकडचा खालचा कोपराही तपासायला विसरू नका.

१. फ्रिजचा प्लग काढा. साबणाच्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने रबराच्या घड्या घासा. अनेकदा दोष चिकट मळाचाच असतो.
२. दबलेल्या जागी हेअर ड्रायर १५ सेंमी लांबून, हलता ठेवून फिरवा. रबर मऊ झालं की बोटांनी बाहेर ओढून दार घट्ट लावा, तासभर उघडू नका.
३. पुढचे पाय किंचित उंच करा, दार आपोआप मिटेल.

रबर चिरलेलं असेल तर ते बदलावंच लागतं. फोटो काढून घरमालकांना पाठवा, त्यांचा लेखी होकार आल्यावरच खर्च करा. आणि बर्फ सुरीने खरवडू नका, आतल्या गॅसच्या नळीला भोक पडलं तर भरपाई तुमच्याच डिपॉझिटमधून जाईल.