पाद्री, निवडणूक आणि खून: ऐतिहासिक रहस्यकादंबरी कशी रचावी

रहस्यकादंबरी लिहायला बसलं की बहुतेक जण आधी प्रेत शोधतात. छोटं इंग्रजी गाव, तिथली निवडणूक आणि चर्चचा पाद्री अशी मांडणी असेल, तर आधी कायदा शोधा. खुनाचं कारण त्या काळच्या मतदानाच्या नियमातूनच निघायला हवं. नियम बदलला तर गुन्हा घडूच शकणार नाही, इतकी वीण घट्ट हवी.

पहिली पायरी: साल ठरवा

ब्रिटनमध्ये गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं. त्याआधी मतदार चारचौघांत उभा राहून उमेदवाराचं नाव सांगायचा आणि कारकून ते वहीत टिपून घ्यायचा. ही यादी पुढे अनेक ठिकाणी छापली जायची. आपल्या भाडेकरूने, कुळाने किंवा रोजच्या दुकानदाराने कुणाला मत दिलं, हे ज्याला हवं त्याला वाचता यायचं. म्हणजे प्रत्येक मतामागे कुणाचा तरी राग किंवा धाक उभा.

मी १८३५ नंतरची काही वर्षं निवडेन. त्या वर्षी शहरी मतदारसंघांत मतदान एका दिवसात, सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत उरकायचं ठरलं. मतं उघड असल्यामुळे कोण किती पुढे आहे ते दिवसभर कळत राही. चुरस असेल तर दुपारी तीन वाजता उरलेल्या मताचा भाव कुठे पोचेल, याचा विचार करा. कथेला लागणारी घाई इथे आयतीच मिळते.

दुसरी पायरी: एक खरं गाव अभ्यासा

सफोक परगण्यातलं सडबरी घ्या. १८४१ मध्ये तिथून डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र निवडून आला. मेरठजवळच्या सरधन्यावर राज्य करणाऱ्या बेगम समरूचा हा वारस. याच बेगमेच्या पलटणी १८०३ मध्ये असईच्या लढाईत, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांच्या बाजूने होत्या. मराठी वाचकाला या गोष्टीत शिरायला हे दार फार जवळचं आहे. पुढच्याच वर्षी लाचखोरीमुळे ती निवडणूक रद्द झाली आणि १८४४ मध्ये संसदेने सडबरीचा मतदारसंघच मोडीत काढला.

निवडणुकीच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या संसदीय समित्यांपुढच्या अनेक साक्षी छापलेल्या आहेत. त्या जरूर वाचा. माणसं पैसे घेतल्याचं कसं नाकारतात, कुठे अडखळतात, हे तिथे सापडतं. कादंबरीतलं गाव मात्र काल्पनिक ठेवा. कायदा खरा असू द्या, गल्ल्या तुमच्या.

तिसरी पायरी: पाद्री कुठल्या पायरीवरचा?

इथे घाई करू नका, सगळी कादंबरी यावर उभी राहते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये गावाच्या पाद्र्याची जागा म्हणजे हक्काचं उत्पन्न. ती जागा कुणाला द्यायची याचा अधिकार बऱ्याचदा एखाद्या जमीनदार घराण्याकडे असे. एकदा नेमलेल्या व्हिकरला, म्हणजे गावाच्या मुख्य पाद्र्याला, हलवणं अवघड. पण त्याच्या हाताखालचा मदतनीस पाद्री, म्हणजे क्युरेट, तुटपुंज्या पगारावर राबायचा, आणि पुढची जागा मिळण्यासाठी त्याच घराण्याच्या तोंडाकडे बघायचा. तुमचा नायक हा क्युरेट करा. व्हिकर दुसऱ्या गावी राहतो, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन याच्याच गळ्यात. आणि उमेदवार आहे नेमक्या त्या घराण्याचा मुलगा. सत्य सांगितलं तर भाकरी जाईल, हा पेच पहिल्या प्रकरणातच पेरा.

तो स्वतः निवडणूक लढवू शकत नाही. पाद्र्यांना खासदार व्हायला १८०१ च्या कायद्याने बंदी केली होती. लग्न मात्र करू शकतो, त्यामुळे त्याला बायको द्या. बायकांना मत नव्हतं, तरी दुकानदारांच्या घरी प्रचारक त्यांनाही गळ घालत. क्युरेटच्या कानावर न येणारं त्याच्या बायकोला कळेल.

खुनी येऊन पाद्र्यापुढे पापाची कबुली देतो, हा प्रसंग टाळा. कॅथलिक कथेत तो सहज बसतो. त्या काळच्या साध्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, गावात खाजगी कबुलीची रीत फारशी नव्हती.

चौथी पायरी: पुरावा त्याच्याच हातात द्या

माझ्या मते सगळ्यात उत्तम पुरावा म्हणजे दफनाची नोंदवही. १८१३ पासून तिचे छापील रकाने होते: नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही. आता हे चित्र बघा. मतदानानंतर छापलेली यादी क्युरेट चाळतोय. एका बेकरचं नाव दिसतं, पुढे दोन्ही मतं (तेव्हा बहुतेक ठिकाणी एका मतदाराला दोन मतं असत) जमीनदाराच्या गटाला. त्या बेकरला त्यानेच मतदानाच्या आदल्या आठवड्यात पुरलंय, वहीत सही त्याचीच आहे. मेलेल्याच्या नावाने कुणीतरी मत टाकलं. मग बेकर मेला कशाने? वहीत मृत्यूच्या कारणाचा रकानाच नाही. इथून तपास सुरू होतो.

पाचवी पायरी: सरकारी तपास कमकुवत ठेवा

त्यासाठी काही ओढूनताणून आणावं लागत नाही. कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी अनेकदा पबमध्येच भरायची आणि ज्यूरीतले लोक स्वतः प्रेत पाहायचे. तोच पब उमेदवाराच्या फुकट बिअरचा अड्डा असेल तर ज्यूरीत कोण बसणार ते उघड आहे. शहराचे शिपाई नेमणारी समिती नगरपालिकेची, आणि नगरपालिका एका पक्षाची.

शेवटची पायरी: उलगडा कुठे?

दिवाणखान्यात सगळ्यांना जमवून उलगडा करू नका. पराभूत उमेदवाराने तक्रार केली आहे, लंडनला संसदीय समिती बसली आहे आणि क्युरेटला नोंदवहीसह साक्षीला बोलावलंय, तिथे करा. समितीला रस फक्त लाचेत आणि खोट्या मतांत. खुनाबद्दल त्याला कुणी विचारणारच नाही. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो कसा देतो, हे ठरल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नका.