परदेशी शिकायला निघताय? कोकणातून जाताना हमखास होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या कणकवलीकडे दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात मार्कलिस्ट लॅमिनेट होते. घरच्यांना दोष देता येत नाही. चार महिने पाऊस, कपाटाला बुरशी, कागदाला पिवळे डाग. प्लास्टिकमध्ये घातली की माणूस निर्धास्त. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा लॅमिनेट केलेले कागद वाचले, हेही खरं. पण सहा-सात वर्षांनी तोच मुलगा परदेशी निघतो, डिग्री अपोस्टिलला, म्हणजे परदेशात चालावी म्हणून सरकारी शिक्का मारून घ्यायला देतो आणि ती तशीच परत येते. शिक्के आणि स्टिकर मूळ कागदावर लागतात, प्लास्टिकवर लागत नाहीत. सोलायला जावं तर शाईसकट वरचा थर निघतो. मग मुंबई विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज आणि कलिन्याच्या फेऱ्या. बुरशीची भीती असेल तर जाड फोल्डर घ्या, वर झिपची पिशवी, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. काम भागतं.

गेली काही वर्षं गावातली मुलं माझ्याकडे कागद दाखवायला येतात. इंग्रजी कच्चं किंवा मार्क कमी म्हणून अडलेली त्यात थोडीच. बहुतेक अडतात ती कागद आणि तारखांपाशी.

नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं

शाळेच्या दाखल्यावर डब्ल्यूचा सावंत, आधारवर व्हीचा. मुंबई विद्यापीठाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि शेवटी आईचं. पासपोर्ट काढून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याने घाईत सगळं नाव एकाच रकान्यात कोंबलं आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडला. अशा पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आला तर नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे नाव माहीत नाही. मग तिकडे बँक, लायसन्स, पगारपत्रक, सगळीकडे तुम्ही एफएनयू.

शेवटच्या वर्षाला असतानाच सगळे कागद पलंगावर मांडा आणि स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. फरक किरकोळ असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागतं. मोठा असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून पासपोर्ट दुरुस्त करावा लागतो आणि त्याला वेळ जातो. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला इंग्रजीतही घेऊन ठेवा.

मुंबईला ‘एका दिवसाचं काम’ समजणं

पुण्या-मुंबईच्या मुलाला व्हिसा केंद्र म्हणजे लोकलचा प्रवास. आपल्याला रात्रीची कोकणकन्या, सकाळी मुंबईत तोंड धुणं, काम, परत रात्रीची गाडी. त्यात एक झेरॉक्स कमी निघाली की पुन्हा तेच. आणि या भेटी नेमक्या जून ते ऑगस्टमध्ये येतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतंच, वर दरडी. जुलै २०२४मध्ये दिवाणखवटीजवळ रुळांवर माती आली आणि जवळजवळ चोवीस तास वाहतूक ठप्प. अपॉइंटमेंटच्या आदल्या रात्री निघणं हा जुगार आहे. निदान एक पूर्ण दिवस हातात ठेवून जा. ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या मार्कांचा उतारा), अपोस्टिल, व्हिसा ही कामं एका फेरीत बसवायचा हट्टही नको. एकाचा कागद दुसऱ्याला लागतो.

जर्मनीला जाणाऱ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२पासून सक्तीचं आहे. त्याला आठवडे लागतात, म्हणून अर्जांच्या आधी ते. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो, त्यामुळे तिसऱ्या वर्षाला असताना हौसेने परीक्षा देऊन ठेवू नका.

काकांच्या खात्यातले पैसे

ही चूक आपल्या मातीतली. वडील म्हणतात, “पैशांची काळजी नको, मुंबईचे काका दाखवतील.” ब्रिटनच्या व्हिसाला निधी स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात लागतो, काका-मामांचा चालत नाही. तोही सलग २८ दिवस पडून असायला हवा, मध्ये एक दिवसही ठरलेल्या रकमेखाली जाता कामा नये. आंबा व्यापाऱ्याकडून आलेला पैसा मे महिन्यात भरायचा, जूनमध्ये त्यातूनच खताचं बिल द्यायचं, असं केलं की संपलं. जर्मनीला वेगळी तऱ्हा: वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, आधीच भरायचे, मग तिकडे महिन्याला ९९२ मिळतात. पण ते सुरू व्हायला तिकडचं बँक खाते लागतं, म्हणून पहिल्या महिन्या-दीड महिन्याचा खर्च वेगळा न्यायचा. घरमालक डिपॉझिट मागतो, ते मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकतं.

शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून कलमांची बाग पुढे करणारे बरेच असतात. बँक सातबारा उघडते आणि त्यावर अकरा सहहिस्सेदार. त्यातले दोघे वारलेले, वारस नोंद नाही, एक आत्या वसईला. शेतजमीन बँका सहसा तारण घेतही नाहीत. बिनशेती प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव लागते. हे एप्रिलमध्ये कळलं तर मार्ग निघतो, ऑगस्टमध्ये नाही. आणखी एक: एप्रिल २०२५पासून कर्जाच्या पैशातून फी पाठवली तर टीसीएस (पैसे परदेशी पाठवतानाच कापला जाणारा कर) कापत नाहीत, स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांच्या पुढे गेलात तर कापतात. तो विवरणपत्रात मागता येतो, पण तोवर अडकतो.

फुकट सल्ल्याला भुलणं

आमच्या भागातल्या एका मुलीला एजंटाने परदेशातल्या एका खासगी कॉलेजात पाठवलं. सल्ल्याची फी शून्य. कॉलेज म्हणजे ऑफिसच्या इमारतीतला एक मजला. एजंटाचं कमिशन कॉलेज देतं, मग तो कमिशन देणारंच कॉलेज सुचवणार. वाईट वाटून घेऊ नका, पण स्वतः तपासा. जर्मनीचे अभ्यासक्रम डाड (डीएएडी) या तिकडच्या संस्थेच्या यादीत असतात, कॅनडाची मान्य कॉलेजं सरकारी डीएलआय यादीत आणि ब्रिटनची स्पॉन्सर नोंदवहीत. तिन्ही याद्या मोबाइलवर फुकट उघडतात.

‘कोर्स इंग्रजीत आहे, जर्मन कशाला?’

वर्गात इंग्रजी चालतं. नोकरीच्या मुलाखतीत, डॉक्टरकडे, घरमालकाशी चालेलच असं नाही. शिक्षणानंतर जर्मनी नोकरी शोधायला १८ महिने देते. ते पुष्कळ वाटतात, पण त्यातले सहा महिने भाषा शिकण्यात गेले की धावपळ होते. निघण्यापूर्वी जर्मनच्या ए-टू या दुसऱ्या पायरीपर्यंत तरी मजल मारा. अमेरिकेत ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी) एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना दीड वर्षाचाच. घरी हिशेब मांडताना भावकीतल्या कुणाची जुनी माहिती धरू नका, नियम बदललेले असतात. आणि पार्टटाइमवर फी भागेल हे गणित तर धरूच नका. त्यातून जेवण-भाड्याला हातभार लागला तरी पुष्कळ.

गणपती करून जाणं

हे लिहिताना माझाच हात आखडतो. २०१८ला चतुर्थी १३ सप्टेंबरला होती, आमचा गणपती अकरा दिवसांचा. आजी म्हणाली, “गणपती होवंदेत, मगे जा.” मी राहिलो. जर्मनीत पोचलो तोवर वसतिगृहाच्या खोल्या संपलेल्या. सहा आठवडे प्रवाशांच्या हॉस्टेलात आठ जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर, रोजच्या भाड्याने. तिकडे राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं. हॉस्टेलवाला ते देईना. पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून ब्लॉक्ड पैसे नाहीत. २०२६ला चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. जर्मनीचं हिवाळी सत्र सहसा १ ऑक्टोबरला सुरू होतं. खोलीचा लेखी करार हातात असेल तर खुशाल आरती करून निघा. नसेल तर आजीची समजूत काढा.

बॅग

युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि घरचं तूप गेलं. गंमत म्हणजे सुका बांगडा चालतो आणि नारळही चालतो. हापूसला मात्र फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे फळाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. दुबईमार्गे जाणार असाल तर मसाल्यातली खसखस काढा, तिकडे ती बंदी घातलेल्या मालात मोडते. मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा. मी ते चेक-इन बॅगेत आगळाच्या बाटलीशेजारी ठेवले होते, आणि माझ्या डिग्रीच्या कोपऱ्याला अजून कोकमाचा लाल डाग आहे.