रीसेल फ्लॅट दाखवण्याआधी या चुका टाळा

जुना फ्लॅट विकायला काढला की मालकाचा पहिला फोन जातो पेंटरला. घोळ तिथेच सुरू होतो. पुण्यात रीसेलचे फ्लॅट दाखवत मी बरीच वर्षं जिने चढते-उतरते आहे, आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर तेच ऐकते: "ताई, थोडी ओल आहे, पण चार दिवसांत रंग मारून घेतो. कळणारसुद्धा नाही."

कळतं हो.

सिंहगड रस्त्यावर अगदी वरच्या मजल्यावरचा एक टू बीएचके होता. बेडरूमच्या कोपऱ्यात गच्चीची ओल. मालक काकांनी मे महिन्यात पापुद्रे खरवडले, पुट्टी भरली, वरून भारीतला प्लास्टिक पेंट मारला. भिंत कशी गुळगुळीत! जुलैत एक कुटुंब बघायला आलं. नवरा-बायको खिडक्या न्याहाळत होते, पार्किंगचं विचारत होते. सोबतच्या आजी मात्र कोणाशी न बोलता थेट बेडरूममध्ये गेल्या आणि कोपऱ्यातल्या फुगवट्यावर बोटाने टिचकी मारली. पोकळ आवाज आला. नखाने जरा उचकलं तर वीतभर रंग सालीसारखा सुटून आला आणि आतली पांढरी भुकटी फरशीवर सांडली. आजी सुनेला एवढंच म्हणाल्या, "चल गं." काका लिफ्टपर्यंत मागे गेले, तीन लाख कमी करायलाही तयार झाले. पण आता ओलीचं कोणाला पडलं होतं? 'अजून काय काय झाकलंय' हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

रंगाने ओल थांबत नाही. भिंतीतलं पाणी बाहेर पडू बघतं, प्लास्टिक पेंट त्याची वाट अडवतो, मग फुगा येतो. पाण्याबरोबर आलेले क्षार तिथेच सुकतात, तीच ती भुकटी. माझी सवय सांगते. प्लास्टिकच्या जाड पिशवीचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर चिकटवायचा आणि दोन दिवस विसरून जायचं. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडून, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला, म्हणजे खोलीकडून, जमले तर हवेतला दमटपणा, खिडक्या उघड्या ठेवा. पाणी भिंतीतलं असेल तर उगम शोधा: गच्चीचा कोबा, बाहेरच्या भिंतीची भेग, वरच्यांची बाथरूम किंवा आतून गेलेला पाइप. तो बंद करा, भिंत वाळू द्या, मग पेंटरला बोलवा. नवं प्लास्टर केलंत तर महिनाभर थांबा. एवढा धीर नसेल तर रंगाचे पैसे तरी वाचवा.

आणि गच्ची सोसायटीची आहे, तुमच्या हातात काही नाही, असं असेल तर? एका घरी आम्ही भिंत खरवडून तशीच उघडी ठेवली आणि गच्ची दुरुस्तीचा सोसायटीचा ठराव टेबलावर. गिऱ्हाइकाने घासाघीस केली, पण घर घेतलं.

माझा दुसरा राग सामान कोंबण्यावर. हॉल लख्ख करायचा आणि सगळा पसारा ड्राय बाल्कनीत ढकलून दार ओढून घ्यायचं! अहो, घर बघायला आलेली बाई आधी तेच दार उघडते. मशीन कुठे बसेल, नळ आणि आउटलेट कुठे आहे, भांडी घासायला जागा किती, हे तिला बघायचं असतं. एकदा मालकीणबाई रद्दीचे गठ्ठे, गणपतीचं मखर आणि बंद पडलेला कूलर बाजूला करत होत्या आणि गिऱ्हाईक टेप हातात धरून ताटकळत उभं. मापं न घेताच गेले, परत फिरकले नाहीत. मी आता कोणाच्याही घराचे फोटो काढायच्या आधी ड्राय बाल्कनी आणि माळा बघते. ते रिकामे नसतील तर कॅमेरा बाहेर काढतच नाही. मालक चिडतात, चिडू देत.

बाकीच्या चुका थोडक्यात.

विकायच्या घरात नवं मॉड्युलर किचन करू नका. घेणारे ते तोडून आपल्या मनासारखं करतात. त्यापेक्षा गळके नळ, पिवळे पडलेले स्विच आणि पावसात फुगून घासणारं बाथरूमचं दार नीट करा.

सुगंधी फवारे नकोत. वास लपवायला मारलाय हे शेंबडं पोरही ओळखतं. आदल्या दिवशी मासे तळू नका, कपाटातल्या डांबरगोळ्या काढा, सकाळी खिडक्या उघडा.

खोक्यावर 6500 के (केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग) लिहिलेल्या पांढऱ्याफटक बल्बने हॉल दवाखान्यासारखा दिसतो. 3000 किंवा 4000 चे घ्या, आणि एका खोलीत दोन रंगांचे दिवे नकोत.

भिंत पाडून हॉल वाढवला असेल तर परवानगीचे कागद आधी शोधा. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, मंजूर नकाशाशी ताडून बघतो, आणि गिऱ्हाइकाचं कर्ज तिथे अडकतं.

गिऱ्हाईक घर बघत असताना त्याच्या मागे मागे फिरू नका. चहा विचारा आणि बसा.

आणि पितृपंधरवड्यात कोणी फिरकत नाही म्हणून मला रोज फोन करू नका. दसऱ्याच्या सुमाराला माणसं येणारच आहेत. ते पंधरा दिवस माळा उपसायला काढा.