आईची स्मरणपुस्तिका कशी करावी: तेरवीची घाई नको

तेरवीला पुस्तिका वाटायचीच, असा आग्रह घरात कोणी धरला तर त्याला सरळ नाही म्हणा. तेरा दिवसांत फोटो मिळतो, जन्मतारीख मिळते, पण माणूस मिळत नाही. मी आतापर्यंत नात्यातल्या आणि ओळखीतल्या अकरा घरांसाठी अशा पुस्तिका केल्या आहेत. पहिली माझ्या आईची, आणि तीच सगळ्यात वाईट.

ती तेरवीसाठी केली होती. प्रेसवाल्याकडे ‘नमुना मजकूर’ तयार होता, मी त्यात फक्त नाव घातलं. ‘सोशिक, मितभाषी, धर्मपरायण.’ वीसेक दिवसांनी दुसऱ्या एका तेरवीला गेले तर तिथल्या पुस्तिकेत तोच परिच्छेद, शब्दन् शब्द. त्या काकू खरंच मितभाषी होत्या. माझी आई मितभाषी! नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतीची, म्हणजे ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली की महाल भागात रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळे ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणायचे, तेव्हा ही ओरडायची, ‘जाऊबाईची जीभ घेऊन जा गे मारबत!’ जाऊबाई शेजारीच उभ्या असायच्या. तर मुदत धरायची वर्षश्राद्धाची. वर्षभरात सगळं नीट होतं.

सुरुवातीची कामं

फोटो गोळा करा. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. पानासकट स्कॅन करा, नाहीतर कागद आणि फोटो यांच्यामधून बारीक दोरा हळूहळू सरकवून सोडवा. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकटच स्कॅन करा. पासपोर्ट आकाराचा फोटो ६०० डीपीआयला घ्या, मोठ्याला ३०० पुरे.

तारखा बहुतेक खोट्या असतात. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख गुरुजींनी सोयीनं घातलेली असते. त्यापेक्षा मोठ्या घटनांना गाठ मारा. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तेव्हा ती शाळेत होती की लग्न झालं होतं? त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी लोटली, ती तिनं पाहिली होती का? १९७२ च्या दुष्काळात रेशनवरचा लाल मिलो (परदेशी ज्वारी) आला, तेव्हा कडेवर कोण होतं? माझ्या धाकट्या मामाचं वय मला मिलोवरूनच लागलं.

आठवणी गोळा करणं

सगळं अडतं ते इथे. जो तो सल्ला देतो, ‘व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, प्रत्येकानं एक आठवण लिहा.’ मी टाकलं होतं. एकोणीस उत्तरं आली, त्यातल्या सोळांत ‘मायेची सावली’ होती आणि उरलेल्या तिघांत हात जोडल्याचं चित्र.

‘आठवण सांगा’ म्हटलं की माणूस भाषणाला उभा राहतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे आपल्या अंगात मुरलेलं आहे, त्यामुळे तो आधी सगळे काटे काढतो आणि मग सोललेली आई आपल्या हातात देतो. अशा आईला तिची नातवंडंसुद्धा ओळखणार नाहीत. म्हणून मी आठवण विचारतच नाही. मी विचारते: तिनं तुम्हाला घरातून कधी हाकललं होतं का? कोणाशी बोलणं टाकलं होतं? पैसे कुठे लपवायची?

पैशाचा प्रश्न कधीच वाया जात नाही. आमच्याकडे याच प्रश्नावर ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र निघाली. नोटबंदीची बातमी संपेपर्यंत आई उठली, तुरीच्या डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पाचशेच्या तेवीस नोटा बाहेर काढल्या. बाबा बघतच राहिले. आई म्हणाली, ‘पाहून काय राहिले? तुमच्याच पगारातल्या हायेत.’ हे मला वहिनीनं सांगितलं. मी तिच्या पोटची, मला पत्ताच नव्हता.

सगळ्यांना एकत्र बसवून विचारू नका. थोरला भाऊ ताबा घेतो आणि बाकीचे माना डोलावतात. एकेकाला गाठा, आणि त्याच्या हाताला काहीतरी काम द्या. माझा सगळ्यात चांगला ऐवज हिवाळ्यात सोलेभातासाठी तुरीच्या शेंगा सोलताना मिळालेला आहे. नजर शेंगेवर असली की तोंड मोकळं होतं. फोन मात्र परातीला टेकवून ठेवू नका, सालांची खरखर सगळं गिळते. चौघडी टॉवेलवर ठेवा.

आणि मे महिन्यात रेकॉर्डिंग अजिबात नको. मी केलं होतं. बाहेर पंचेचाळीस अंश, खोलीत कूलर. मावशी दोन तास बोलली, तिच्या लग्नाच्या वरातीपासून सगळं. घरी येऊन ऐकते तर नुसती कूलरची घरघर, मधूनच ‘मग तुझी आई म्हणाली’, आणि पुन्हा घरघर. आई काय म्हणाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मावशीला पुन्हा विचारलं तर ‘सांगितलं ना एकदा’ म्हणाली. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी सहाला जा, कूलर लागायच्या आत.

एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती आल्या तर खरी कोणती हे ठरवत बसू नका. अजनीच्या पुलावर आईची लुना बंद पडली. मामा म्हणतो, तिनं पोलिसालाच लुना ढकलायला लावली. आत्या म्हणते, पोलीस तिला दंड करत होता आणि ती रडली. दोन्ही छापल्या, एकाखाली एक.

तिची भाषा सुधारू नका. माझ्या पहिल्या मुद्रितशोधकानं ‘काय करून राहिला रे पोट्ट्या’ खोडून ‘काय करतो आहेस रे मुला’ केलं होतं. आमच्या घरात आयुष्यात कोणी असं बोललेलं नाही. अवतरणातला मजकूर बोलला तसाच राहील, हे आधीच बजावून ठेवा.

आता एक ताकीद. हाकलल्याच्या, अबोल्याच्या गोष्टी गोळा केल्या की त्यात जिवंत माणसं येतात. छापायच्या आधी तो मजकूर त्या माणसाला तोंडी वाचून दाखवा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तो चौघांना पुढे जातो. मी आजोळच्या वाटणीचं भांडण एका मावशीला न विचारता छापलं, माझ्या मते विनोदी करून. ती दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढली नाही. वाचून दाखवलं असतं तर तिनं एक वाक्य काढायला लावलं असतं, बस.

छपाई

पानं चारच्या पटीत ठेवा, १६, २४ किंवा ३२, कारण मधोमध पिना मारायच्या असतात. शंभरच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर प्रेसला आधी सांगा, जुन्या फाँटमध्ये जाताना जोडाक्षरं फुटतात. शेवटचं प्रूफ कागदावर वाचा. मोबाइलवर वाचलेलं वाचलं असं मी धरत नाही.

एखादी पाककृती घालायची तर ‘मूठभर’ लिहून मोकळ्या होऊ नका. तिच्या हाताखाली वडाभात शिकलेल्या सुनेची मूठ वजनकाट्यावर रिकामी करा आणि ग्रॅम लिहा.

वाटप

दहा प्रती बाजूला काढून ठेवा, पाच वर्षांनी कोणीतरी मागतंच. शेवटचं पान कोरं सोडा. प्रेसवाला तिथे गणपती नाहीतर पणती टाकू बघेल, टाकू देऊ नका. पुस्तिका वाटली की दुसऱ्या दिवसापासून दुरुस्त्या यायला लागतात, त्या लिहायला ते पान लागतं.

आईची पुस्तिका मी वर्षश्राद्धाला नव्यानं केली आणि एक प्रत तिच्या नेहमीच्या भाजीवालीला दिली. तिला वाचता येत नाही, नातवाकडून वाचून घेतली. आई तिच्याकडून रोज दोन रुपयांचा सांबार घ्यायची, असं मी लिहिलं होतं. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर.) पुढच्या खेपेला तिनं तराजू खाली ठेवला आणि मला सुनावलं, ‘ते लबाड लिवलं तू. तुह्या मायनं सांबार कदी इकत घेतलाच नाई. भाजीवर फुकटच न्यायची, वरून म्हणे जुडी बारीक हाय.’

माझ्या प्रतीच्या कोऱ्या पानावर ती पहिली नोंद आहे.