होम थिएटरसाठी शांत संगणक जुळवताना या चुका टाळा

दिवाणखान्यात टीव्हीला जोडायचा संगणक घरघर करू लागला, की बहुतेक मंडळी दुसऱ्याच दिवशी दुकानातून खोक्यावर ‘सायलेंट’ असे छापलेला महागडा पंखा घेऊन येतात आणि तो बसवल्यावरही आवाज तसाच का, असे विचारायला माझ्याकडे येतात. आवाजाचा निकाल पंखा विकत घेण्याच्या कितीतरी आधी, कॅबिनेट (संगणकाची पेटी) आणि प्रोसेसर ठरवतानाच लागलेला असतो, हे त्यांना दरवेळी नव्याने सांगावे लागते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे टीव्हीखाली शोभेल असे सडपातळ कॅबिनेट आधी पसंत करणे आणि बाकीचे भाग मग त्यात कोंबणे. नागपूरच्या माझ्या मेव्हण्याने हेच केले. त्याच्या कॅबिनेटमध्ये ३७ मिलिमीटरपेक्षा उंच हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, मावत नव्हता, आणि प्रोसेसर त्याने घेतला होता इंटेलचा आय५-१२४००, कारण खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले होते. हा आकडा मूळ वेगाचा असतो. टर्बो वेगात, म्हणजे काम वाढल्यावर घेतलेल्या जादा वेगात, हाच प्रोसेसर ११७ वॅटपर्यंत जातो आणि तेवढी उष्णता बोटभर उंचीच्या हीटसिंकने काढायची, तर त्याच्यावरच्या छोट्या पंख्याला किंचाळण्यावाचून गत्यंतर नसते. उन्हाळाभर खिडकीतल्या कूलरच्या घोंघाटात हे कोणाच्या लक्षातही आले नाही. पावसाळ्यात कूलर झाकून ठेवला आणि मग तक्रारीचे फोन सुरू झाले. मी गेलो तेव्हा संगणक काचेची दारे असलेल्या शोकेसच्या बंद कप्प्यात होता. दार उघडताच चेहऱ्यावर गरम हवेचा झोत आला आणि दोन मिनिटांत पंख्याचा सूर खाली उतरला.

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वीजमर्यादा ३५ वॅटवर आणल्यावर निम्मा त्रास कमी झाला आणि चित्रपट पाहण्यात काडीचाही फरक पडला नाही, कारण ४के चित्रपट उलगडण्याचे काम प्रोसेसरमधील ग्राफिक्स भागच करतो. उरलेला त्रास मात्र कॅबिनेट बदलूनच गेला. शोभेसाठी घेतलेले ते कॅबिनेट आता माळ्यावर आहे. माझी स्वतःची सवय अशी, की १२० मिलिमीटरचा पंखा लागेल असा उभा हीटसिंक ज्यात मावतो ते कॅबिनेट आधी घ्यायचे आणि शोकेसची मापे नंतर पाहायची. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा ढकलतो. शिवाय परदेशी चाचण्यांमधील तापमाने साधारण २०-२२ अंशांच्या खोलीत मोजलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असते, तेव्हा त्या आकड्यांत सरळ तेरा ते पंधरा अंश मिळवूनच निवड करावी. नुसते चित्रपटच पाहायचे असतील, तर इंटेलचा ६ वॅटचा एन१०० प्रोसेसर असलेला मदरबोर्डही पुरतो. पण ‘पुढेमागे गेम खेळू’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही.

दुसरी चूक हार्ड डिस्कची. तिच्या आवाजाबद्दल लोक पंख्याला दोष देतात. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०, आणि म्हणून ती १२० हर्ट्झचा एकसुरी गुंजारव करते. कॅबिनेट प्लायवुडच्या पोकळ शोकेसवर ठेवले, की ती शोकेस तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी तो सूर वाढवते. ओळखायला उपकरण लागत नाही. कॅबिनेट दोन्ही हातांनी बोटभर वर उचलून धरावे. गुणगुण थांबली तर डिस्क दोषी, चालूच राहिली तर पंख्याकडे वळावे. मी कॅबिनेटखाली रबराचे जाड पाय लावतो आणि डिस्क रबरी वॉशरवर कसतो. खरा उपाय म्हणजे दिवाणखान्यात फक्त एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी बिनआवाजाची डिस्क, ठेवणे आणि चित्रपटांचा साठा आतल्या खोलीत, नेटवर्कवर हलवणे. एवढी वायर ओढायचाही अनेकांना कंटाळा असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. थोडे पैसे वाचवण्यासाठी शेवटी ‘एफ’ अक्षर असलेला प्रोसेसर घेऊ नये. त्यात ग्राफिक्स नसते, मग वेगळे कार्ड येते आणि त्याच्यासोबत त्याचा पंखाही. मदरबोर्डवरची टीव्हीला जोडायची एचडीएमआय जोडणी जुन्या १.४ आवृत्तीची असेल, तर ४के चित्र सेकंदाला ३० चौकटींवरच अडते. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) वापरू नये. कमी भारावर ज्याचा पंखा थांबतो असा चांगल्या कंपनीचा घ्यावा. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी लावला आणि बायोसमध्ये पीडब्ल्यूएम (चौथ्या पिनेवरून वेग ठरवण्याची पद्धत) तसेच राहिले, तर तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. तिथे डीसी (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याची पद्धत) निवडले की तो सुतासारखा सरळ होतो, पण ‘पंखा खराब आहे’ म्हणून दुकानात परत नेणारे मी पाहिले आहेत.

सगळे जुळल्यावर पंख्याचा आलेख, म्हणजे प्रोसेसरच्या किती तापमानाला किती वेग, मात्र स्वतः बसून ठरवावा. एका लयीतील मंद आवाज कानाला काही वेळाने जाणवेनासा होतो. दर दहा सेकंदांनी चढणारा-उतरणारा आवाज मात्र छळतो. म्हणून मी ६० अंशांपर्यंत वेग एकाच पातळीवर ठेवतो, बायोसमध्ये सोय असेल तिथे वेगबदलाला काही सेकंदांचा विलंब देतो, आणि रात्री घरातले सगळे पंखे बंद करून, सोफ्यावर माझ्या नेहमीच्या जागी बसून अर्धा तास ऐकतो.