कॅक्टसला कीड की कूज? आधी मुळं पाहा

इंदुरात गॅलरीतले कॅक्टस मे महिन्याची होरपळ सोसतात आणि जुलैच्या झडीत जातात. हवामान त्यांना मानवत नाही असं म्हणावं, तर इथून जवळच, रतलाम जिल्ह्यात, सैलान्याच्या राजवाड्यातली कॅक्टसची बाग याच माळव्यात उभी आहे. घात होतो तो मातीमुळे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि बहुतेक घरांत अंगणातली तीच माती कुंडीत भरलेली असते.

रोप मलूल दिसलं की पाणी घालायचा मोह होतो. तो आवरा. कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा, पाणी बंद करा आणि भिंग, पेन्सिल, इअरबड घेऊन सकाळच्या उजेडात बसा.

काट्यांच्या बुडाशी, दोन धारांमधल्या खाचेत कापसाचे पुंजके दिसतात का? काही जातींना मुळातच पांढरी लव असते, म्हणून इअरबडने घासून बघा. लव कोरडी राहते. पुंजका पिठ्या ढेकूण या किडीचा असेल तर चिरडून चिकट होतो. फड्या निवडुंगावरचा पुंजका चिरडून गडद लाल रंग आला, तर ते कोचिनीलचे किडे आहेत. कार्माइन हा रंग त्यांच्यापासूनच करतात. नखाने खरवडल्यावर निघणारे तपकिरी टिपके म्हणजे खवले कीड. कुंडीवर मुंग्यांची रांग असली तर शोध सोडू नका, त्या किडीचा गोड चिकटा खायला येतात. त्याच चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. ओल्या फडक्याने ती पुसली जाते, पण कीड असेपर्यंत परत येत राहते.

शेंड्याकडची कातडी गंजल्यासारखी दिसत असेल, तर रोपाखाली पांढरा कागद धरून हलकेच टिचकी मारा. कागदावर टिपके चालू लागले तर ते लाल कोळी. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे साधी कीटकनाशकं त्याच्यावर सहसा चालत नाहीत. माती भिजू नये म्हणून कुंडीच्या तोंडाला प्लास्टिक बांधा आणि रोज संध्याकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने रोप धुवा.

बुंध्याशी तपकिरी भाग दिसला तर पेन्सिलीने दाबा. कडक आणि कोरडा असेल तर ते वय आहे, त्याला हात लावू नका. मऊ लागला तर कूज.

आता मुळं. ही पायरी कुणीच करत नाही. मीही करत नव्हते; तीन आठवडे वरचे ढेकूण टिपत बसले आणि कीड खाली मुळांवर होती. जाड कागदाची घडी करून रोप धरा, कुंडीबाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पिठासारखा थर असेल, तर सगळी माती टाकून द्या, मुळं धुवा आणि तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या.

वरच्या ढेकणांना आणि खवल्यांना ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. इअरबड बुडवून एकेक पुंजका टिपा, संध्याकाळीच, आणि आधी एका कोपऱ्यावर लावून बघा. निळसर पावडरीसारखी साय असलेल्या जातींची साय याने जाते. दर सात दिवसांनी हेच तीन-चार वेळा करावं लागतं, कारण अंडी मागाहून फुटतात. कीड फार असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब घालून फवारा. तेलानंतर दोन आठवडे गंधक वापरू नका, रोप भाजतं. ३२ अंशांच्या वर तापमान असतानाही गंधक नको.

कुजलेल्या रोपाला औषध नाही, सुरी आहे. अल्कोहोलने पुसलेल्या सुरीने कुजक्याच्या वरून काप घ्या, प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. मधल्या गाभ्यात एकही तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापत जा. तुकड्याला गंधकाची पूड लावून एक-दोन आठवडे सावलीत ठेवा; कापलेली बाजू खडखडीत सुकली पाहिजे. लाल-पिवळ्या गोळ्याचं कलमी कॅक्टस असेल, तर त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं. खालचा हिरवा दांडा कुजला की गोळा दुसऱ्या दांड्यावर बांधावाच लागतो.

मातीवरची पांढरी बुरशी रोपाला सहसा खात नाही, पण कुंडी ओली राहते हे ती सांगते. वरचा थर खरवडून टाका.

नव्या कुंडीत निम्म्याहून जास्त भरड वाळू आणि विटेचे बारीक खडे घाला, काळी माती नकोच. मुळं असलेल्या रोपाला आठवडाभर पाणी देऊ नका. कापलेल्या तुकड्याला मुळं फुटल्यावरच द्या.